अर्ध्यावर सुटलेली पदवी आणि क्रेडिटचं खातं

मागच्या दिवाळीत माझ्या मावसबहिणीने मला एका बोर्डाचा फोटो पाठवला. तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान आहे, त्याच्या शटरशेजारी तो लावलेला होता. 'शिक्षण अर्धवट राहिलंय? क्रेडिट ट्रान्सफरने एका वर्षात पदवी. नोकरी सांभाळून. हजेरीची अट नाही.' खाली दोन मोबाइल नंबर. फोटोखाली तिने एवढंच विचारलं होतं, "दादा, हे खरं असतं का रे?"

तिचं बीकॉमचं एफवाय झालं, एसवाय झालं. टीवायची फी भरली आणि मावशीच्या यजमानांचं आजारपण निघालं, पाठोपाठ लग्न ठरलं. आता ती एका हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर बसते. इन्शुरन्सच्या केसेस हाताळणाऱ्या डेस्कवर वरची जागा रिकामी झाली तेव्हा तिचं काम सगळ्यांना माहीत होतं, पण जागेपुढे 'पदवीधर' हा शब्द छापलेला होता. असे लाखो जण आपल्या अवतीभवती आहेत. त्यांची दोन वर्षं खरोखर वाया गेली आहेत का, आणि 'क्रेडिट ट्रान्सफर' या शब्दात त्यांच्यासाठी नेमकं काय आहे, हे नीट उलगडून सांगावं म्हणून हा लेख.

क्रेडिट म्हणजे काय मोजतात?

विद्यापीठाच्या मराठी कागदांवर क्रेडिटला 'श्रेयांक' म्हणतात. बोलताना सगळे क्रेडिटच म्हणतात, म्हणून मीही तेच वापरतो. एका क्रेडिटमागे साधारण ३० तासांचं शिकणं धरलेलं असतं. वर्गातले तास, घरचा अभ्यास, असाइनमेंट, परीक्षेची तयारी हे सगळं त्यात आलं. २०२३ साली आलेल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्याने वर्षाचे १,२०० तास, म्हणजे ४० क्रेडिट्स, असं माप घालून दिलं. त्या हिशेबाने तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट्स लागतात. महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणाची जी रचना आली तीत सेमिस्टरला २२ धरले आहेत. त्यामुळे आपल्याकडे तीन वर्षांची पदवी १३२ क्रेडिट्सची आणि चार वर्षांची ऑनर्स पदवी १७६ची होते.

यात बदललं काय? जुनी पदवी स्लॅबसारखी होती. स्लॅब एका दमात ओतावा लागतो, मध्येच माल संपला तर ते काम कामाचं राहत नाही. टीवाय सुटलं की हातात 'एसवाय पास' एवढीच ओळख उरायची आणि तिला बाहेर कोणी विचारत नसे. क्रेडिटची पदवी विटांच्या भिंतीसारखी आहे. पैसा संपला, काम थांबलं, तरी रचलेल्या विटा जागेवर राहतात. एखाद्या विषयात केटी लागली, म्हणजे तो विषय नापास राहिला, तर त्या विषयाचं क्रेडिट मिळत नाही, पण त्याच सेमिस्टरमधल्या बाकी पास विषयांचे क्रेडिट्स तुमचेच असतात. मध्येच शिक्षण सुटलेल्यांपैकी कितीतरी जणांना हे ठाऊक नसतं. एक केटी राहिली म्हणजे सगळं सेमिस्टर गेलं, असं धरून ते वर्षानुवर्षं मार्कशीटची फाइल उघडत नाहीत.

नव्या रचनेत एका वर्षानंतर थांबलात तर सर्टिफिकेट आणि दोन वर्षांनंतर डिप्लोमा मिळण्याची सोय आहे. त्यासाठी वर चार क्रेडिट्सचं व्यवसायाशी निगडित काम किंवा इंटर्नशिप करावी लागते. नियम असा की बाहेर पडल्यापासून तीन वर्षांत परत यायचं आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करायची.

खातं तुमचं, भरणा मात्र कॉलेजचा

मिळवलेल्या विटांची नोंद ठेवायला विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, जुलै २०२१ मध्ये 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स' सुरू केली. सगळे तिला एबीसी म्हणतात. डिजिलॉकरमधून आधारच्या आधाराने खातं उघडतं आणि १२ अंकी नंबर मिळतो. हल्ली 'अपार आयडी' हा शब्द कानावर येतो, तो याच व्यवस्थेचा भाग आहे.

नावात बँक असल्यामुळे लोकांना वाटतं, आपण मार्कशीट घेऊन गेलो की क्रेडिट्स जमा होतील. तसं होत नाही. हे पगाराच्या खात्यासारखं आहे. पगार कंपनी भरते, आपण स्लिप भरून टाकत नाही. इथेही क्रेडिट्स तुमचं विद्यापीठ किंवा स्वायत्त कॉलेजच चढवतं, विद्यार्थ्याकडून थेट कागद घेतले जात नाहीत. म्हणून खातं उघडलं आणि आत शून्य दिसलं तर घाबरू नका. तुमचा एबीसी नंबर आणि पीआरएन, म्हणजे मार्कशीटवरचा कायम नोंदणी क्रमांक, विद्यापीठाकडे एकमेकांना जोडले गेले नसतील, किंवा त्या वर्षाचा डेटाच अजून चढवलेला नसेल.

बहिणीच्या बाबतीत हेच झालं. एका रविवारी दुपारी आम्ही तिच्या स्वयंपाकघरात मोबाइल घेऊन बसलो. खातं पाच मिनिटांत उघडलं, आत काहीच नव्हतं. मग कारण लक्षात आलं. मार्कशीटवर आधी माहेरचं आडनाव, मग तिचं नाव, मग वडिलांचं आणि शेवटी आईचं नाव. आधारवर तिचं नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. दोन्ही कागद ओट्यावर शेजारी शेजारी ठेवले तर ती एकच बाई आहे हे फक्त फोटोवरून कळत होतं, आणि मार्कशीटवर तर फोटोही नव्हता. कॉम्प्युटरने दोघींना ओळख दिली नाही यात नवल नाही. विवाह नोंदणीचा दाखला, जुनं कॉलेजचं ओळखपत्र आणि अर्ज घेऊन ती कॉलेजच्या परीक्षा विभागात गेली. तिथे तिला तीन वेळा 'पुढच्या सोमवारी या' सांगितलं. प्रत्येक सोमवार म्हणजे अर्ध्या दिवसाचा पगार. चौथ्या खेपेला काम झालं.

आपल्याकडे लग्नानंतर नाव बदलायची रीत आहे, आणि अर्धवट सुटलेल्या पदव्यांमध्ये लग्नामुळे सुटलेल्या कमी नाहीत. ज्या बायकांना ही सोय सगळ्यात जास्त हवी, त्यांनाच या दारात सगळ्यात जास्त वेळ थांबावं लागतं. हे मला फार लागतं. विद्यापीठांनी नावबदलासाठी एक साधा अर्ज आणि ठराविक मुदत ठरवून दिली तर हजारो हेलपाटे वाचतील.

एबीसीच्या दोन मर्यादा लक्षात ठेवा. खात्यातलं क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं वापरता येतं. आणि एकदा एका पदवीसाठी वापरलं की ते खात्यातून कायमचं वजा होतं, त्याच क्रेडिटवर दुसरी पदवी मागता येत नाही.

जुनं सोनं आणि नवा सराफ

आता मुख्य मुद्दा. 'ट्रान्सफर' या शब्दामुळे डोळ्यांसमोर यूपीआय येतं. इथून पाठवले, तिथे पोचले, टिंग वाजलं. क्रेडिट्सचं असं होत नाही. जुना दागिना दुसऱ्या सराफाकडे नेल्यावर काय होतं ते आठवा. सोनं तुमचंच असतं, त्याबद्दल वाद नसतो. पण नवा सराफ ते कसाला लावतो, वजन करतो, घट धरतो, आणि मग सांगतो की एवढ्याचं धरतो. हॉलमार्क असेल तर बोलणं लवकर संपतं. तरी शेवटचा आकडा तोच सांगतो.

एबीसी म्हणजे तुमचा दागिना सांभाळणारा लॉकर आणि त्यावरचा हॉलमार्क. पदवी देणारं नवं विद्यापीठ म्हणजे सराफ. क्रेडिट्स जमा होणं ही एक गोष्ट झाली आणि ते तुमच्या नव्या पदवीत धरले जाणं ही दुसरी. बहुतेकांची फसगत या दोन गोष्टींच्या मधल्या जागेत होते.

घट कुठे धरली जाते ते पाहू. पहिली घट अभ्यासक्रमाची. विषयाचं नाव सारखं असून भागत नाही. तुमच्याकडे 'कॉस्ट अकाउंटिंग' तीन क्रेडिट्सचं होतं, तिकडे चारचं आहे आणि त्यातली दोन प्रकरणं तुम्हाला नव्हतीच, असं असेल तर तो विषय पुन्हा करायला सांगू शकतात. म्हणून तुम्ही ज्या वर्षी शिकलात त्याच वर्षाचा, कॉलेजच्या शिक्क्याचा सिलॅबस जपून ठेवावा लागतो. इंटरनेटवर आज जो दिसतो तो बहुधा नंतर बदललेला असतो.

दुसरी घट कप्प्यांची. नव्या पदवीतले क्रेडिट्स मिसळणाच्या डब्यासारखे असतात. मेजरची, म्हणजे मुख्य विषयाची, वाटी वेगळी, मायनरची, म्हणजे जोडविषयाची, वेगळी, ओपन इलेक्टिव्हची, म्हणजे आवडीने निवडलेल्या दुसऱ्या विषयांची, वेगळी, कौशल्याच्या विषयांची, भाषेची, भारतीय ज्ञानप्रणालीची वेगळी. मोहरीची वाटी काठोकाठ भरली म्हणून हळदीची गरज भागत नाही. तुमचे ओपन इलेक्टिव्हचे क्रेडिट्स कितीही जास्त झाले तरी मेजरची तूट त्यांनी भरून निघत नाही. एकूण बेरीज बघून खूश होण्याआधी वाटीवार हिशेब मांडा.

तिसरी घट सगळ्यात मोठी, आणि तिच्याबद्दल जाहिरातीत अवाक्षर नसतं. एबीसीच्या २०२१च्या नियमावलीप्रमाणे, जी संस्था पदवी देणार तिच्याकडे किमान निम्मे क्रेडिट्स मिळवावे लागतात. आकडे मांडून बघा. पदवी १३२ क्रेडिट्सची, दोन वर्षांत तुम्ही ८८ मिळवलेत. साध्या वजाबाकीने ४४ उरले, म्हणजे एक वर्ष. पण दुसऱ्या संस्थेत गेलात तर निम्मे, म्हणजे ६६, तिच्याकडे करावेच लागतील. तुमचे ८८ पैकी जास्तीत जास्त ६६ धरले जातील, २२ खात्यात नुसतेच पडून राहतील. उरलेलं काम ४४ वरून ६६ वर गेलं. एक अख्खं सेमिस्टर वाढलं, आणि हा हिशेब सगळे विषय जसेच्या तसे जुळले असं धरून केला आहे.

मग जवळचा रस्ता कोणता?

या गणितामुळेच माझं ठाम मत असं की दोन वर्षं झालेल्या माणसाने आधी आपल्या जुन्याच विद्यापीठाचं दार वाजवावं. ज्याने दागिना घडवला त्या सराफाकडे गेलं की घटीची भाषा फारशी होत नाही.

जुनं विद्यापीठ म्हणजे पुन्हा सकाळच्या लेक्चरला बसणं असा अर्थ घेऊ नका. मुंबई विद्यापीठात दूरस्थ शिक्षण १९७१ पासून आहे. ज्याला वर्षानुवर्षं सगळे 'आयडॉल' म्हणत आले, तेच आता दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षण केंद्र झालं आहे. पुणे विद्यापीठात मुक्त अध्ययन प्रशाला आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचंही असं केंद्र आहे. रेग्युलरची दोन वर्षं झालेल्याला तिथे थेट तिसऱ्या वर्षाला घेतात का, हे अभ्यासक्रमावर आणि पॅटर्नवर, म्हणजे तुम्ही शिकलात तेव्हाच्या विषयांच्या आणि परीक्षेच्या रचनेवर, ठरतं. पण पहिला प्रश्न विचारायची जागा हीच.

पॅटर्न हा शब्द इथे महत्त्वाचा. पुण्याकडे बीए-बीकॉमला '२०१९ पॅटर्न' होता. नव्या धोरणाची रचना संलग्न कॉलेजांमध्ये २०२४-२५ पासून पहिल्या वर्षाला लागू झाली आणि मग दरवर्षी एक पायरी वर चढत गेली. जुना पॅटर्न बंद होतो तेव्हा विद्यापीठ ठराविक परीक्षांपर्यंतच संधी देतं आणि तसं परिपत्रक काढतं. तुमचे फक्त एक-दोन केटी आणि टीवाय उरलं असेल तर ते परिपत्रक तुमच्यासाठी एसटीच्या शेवटच्या गाडीसारखं आहे. ती निघून गेली तर नव्या पॅटर्नमध्ये समकक्ष विषय शोधत बसावं लागतं. परीक्षा विभागात 'माझ्या पॅटर्नची शेवटची संधी कधी?' हे विचारायला एक दिवसही लावू नका.

जुन्या विद्यापीठात जमलं नाही तर मुक्त विद्यापीठं आहेत. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नोकरदार, शेतकरी, गृहिणी यांच्यासाठीच चालतं. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद आहे. इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, १९८५ सालचं. तिथे तीन वर्षांच्या बीएला जास्तीत जास्त सहा वर्षांची मुदत मिळते, आणि सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबर अशा वर्षातून दोनदा होतात. शिफ्टमध्ये काम करणाऱ्याला या दोन गोष्टी फार मोलाच्या आहेत. जूनमध्ये कंपनीत ऑडिट लागलं तर डिसेंबर हातात असतो.

माझं कॉलेज २०२१च्या आधीच सुटलं, मग?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. नियम स्पष्ट आहे. २०२१-२२ या शैक्षणिक वर्षापासून पुढे मिळवलेलेच क्रेडिट्स एबीसीतून वापरता येतात. २०१५ साली एसवाय केलेल्याला एबीसीचा उपयोग नाही.

पण एबीसी हा एकमेव रस्ता नाही. एबीसी येण्याच्या कितीतरी आधीपासून विद्यापीठं आपल्या अधिकारात जुन्या विषयांना सूट देत आली आहेत. इग्नूची स्वतःची क्रेडिट ट्रान्सफर योजना आहे. ती मार्कशीट आणि सिलॅबस बघून चालते, खातं बघून नाही. जुन्या वार्षिक परीक्षेच्या काळात शिकलेल्यांना हा मार्ग खुला असू शकतो, आणि त्यात किती सूट मिळेल हे कागद तपासल्यावरच कळतं. जुन्यातलं फार काही धरलं जाणार नाही असं कळलं, तर माझा सल्ला थोडा कडू वाटेल: त्या दोन वर्षांच्या मागे दोन वर्षं धावू नका, मुक्त विद्यापीठात पहिल्यापासून सुरुवात करा. सूट मिळवण्याच्या खटपटीत लोकांची जेवढी वर्षं गेलेली मी पाहिली आहेत, तेवढ्यात नवीन पदवी हातात आली असती.

नोकरी करून एवढा अभ्यास होतो का?

तास मोजा, म्हणजे धीर येईल आणि फुकटचा उत्साहही आवरेल. ४४ क्रेडिट्स उरले असतील तर गुणिले ३०, म्हणजे १,३२० तास. ते एका वर्षात बसवायचे तर आठवड्याला २५ तास लागतात. नऊ ते सहा नोकरी, जाऊन-येऊन दोन तास एसटी, घरी लहान मूल असलेल्या बाईला हे २५ तास आणायचे कुठून? तेच काम दोन वर्षांत पसरलं तर आठवड्याला १२ ते १३ तास होतात. रोज पहाटे एक तास आणि शनिवार-रविवार मिळून सहा. कष्टाचं आहे, पण माणसाच्या आवाक्यातलं आहे. ६६ क्रेडिट्स असतील तर १,९८० तास, आणि मग दोनऐवजी तीन वर्षं धरणं शहाणपणाचं. मुदत सात वर्षांची असताना पहिल्याच सेमिस्टरला सगळे विषय घेऊन दमछाक करून घेऊ नये. जमेल तिथे कमी विषय घ्या, पण ते पास व्हा.

इथे 'स्वयम्'चा उपयोग होतो. केंद्र सरकारच्या या मंचावर २०१७ पासून विद्यापीठ पातळीचे ऑनलाइन कोर्स चालतात. शिकणं मोफत आहे, परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन द्यावी लागते आणि तिची फी असते. यूजीसीच्या नियमाने एका सेमिस्टरच्या विषयांपैकी ४० टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयम्'वरून करता येतात. बसमध्ये कानात इअरफोन घालून लेक्चर ऐकता येतं, ही नोकरदाराला खरीखुरी मदत आहे. अट एकच आहे, पण महत्त्वाची: तो कोर्स तुमच्या संस्थेने त्या सेमिस्टरसाठी आधी मान्य केलेला असला पाहिजे. आधी कोर्स करून मग मान्यता मागायला गेलेल्यांच्या हातात नुसतं प्रमाणपत्र राहतं.

दूरस्थ पदवीला नोकरीत किंमत असते का?

कायद्याने पूर्ण असते. यूजीसीच्या २०२० सालच्या नियमावलीत मान्यताप्राप्त दूरस्थ आणि ऑनलाइन पदवी ही नेहमीच्या पदवीशी समकक्ष धरली आहे, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने हे पुन्हा जाहीरपणे सांगितलं. जिथे 'कोणत्याही शाखेचा पदवीधर' एवढीच अट असते, तिथे हे पुरेसं आहे. मुलाखत घेणाऱ्याच्या मनातला किंतु कायद्याने जात नाही, हेही खरं. पण बहिणीसारख्या माणसाला, जिचं काम आधीच डोळ्यांसमोर आहे आणि फक्त एका शब्दासाठी दार बंद आहे, तिला तो किंतु फारसा आडवा येत नाही.

इंजिनिअरिंग, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, कायदा असे व्यावसायिक अभ्यासक्रम दूरस्थ पद्धतीने चालत नाहीत. कोणी 'घरबसल्या एलएलबी' किंवा 'डिस्टन्स बीई' देतो म्हणाला तर तिथेच थांबा.

कामाचा अनुभव धरतात का?

नव्या आराखड्याने हे तत्त्व मान्य केलं आहे की शिकणं वर्गाबाहेरही होतं आणि त्याचं मोजमाप होऊन क्रेडिट मिळू शकतं. पण तत्त्व मान्य होणं आणि तुमच्या कॉलेजच्या खिडकीवर त्याचा अर्ज मिळणं यात अंतर आहे. तेवढ्या भरवशावर बेत आखू नका. एक गोष्ट मात्र जरूर विचारा. महाराष्ट्रातल्या नव्या रचनेत ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण, ही एक वाटी आहे. बिलिंगवर बसणारी बीकॉमची विद्यार्थिनी तीच नोकरी त्यासाठी दाखवू शकते का, हे विभागप्रमुखांना विचारण्यासारखं आहे.

मग तो बोर्ड खरा की खोटा?

'एका वर्षात पदवी' हे वाक्य एकाच माणसासाठी खरं असू शकतं. ज्याची दोन वर्षं आधीच झाली आहेत, त्याच विद्यापीठात जो परत जातो आहे आणि ज्याचा पॅटर्न अजून चालू आहे. त्यालाही मधल्या माणसाची गरज नसते. बाकी कोणालाही हे सांगितलं जात असेल तर तीनच शक्यता उरतात. मागच्या तारखेचा प्रवेश दाखवतील, मान्यता नसलेल्या ठिकाणचा कागद देतील, किंवा फी घेऊन टाळाटाळ करतील. मागच्या तारखेचा कागद आज चालला तरी कागदपत्रांच्या तपासणीत दहा वर्षांनीही नोकरी घालवू शकतो.

ओळखायची एक सोपी खूण आहे. दूरस्थ किंवा ऑनलाइन प्रवेशासाठी विद्यार्थ्याने यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर 'डेब आयडी' काढावा लागतो, आणि तो काढायला एबीसी नंबर लागतो. कोणत्या विद्यापीठाच्या कोणत्या अभ्यासक्रमाला यंदा मान्यता आहे हेही तिथेच दिसतं. झेरॉक्सच्या दुकानातल्या माणसाला मी बहिणीच्या वतीने फोन केला होता. डेब आयडीचं विचारल्यावर तो म्हणाला, "ते नंतर बघू, आधी टोकन भरा." माझं उत्तर मला मिळालं.

पैसे भरण्याआधी हातात काय हवं?

सगळ्या वर्षांच्या मार्कशीट, नापासाच्यासुद्धा. ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांचे विषय आणि गुण एकत्र दाखवणारा विद्यापीठाचा कागद. शिकलात त्या वर्षाचा शिक्का मारलेला सिलॅबस. दुसऱ्या विद्यापीठात जायचं असेल तर टीसी आणि मायग्रेशन, पण ही दोन्ही सगळ्यात शेवटी काढा. मायग्रेशन काढलं म्हणजे जुन्या विद्यापीठाशी नातं तोडलं. नव्या ठिकाणी किती क्रेडिट्स धरणार हे कळायच्या आत ते तोडू नये. मधल्या वर्षांसाठी गॅपचं प्रतिज्ञापत्र लागू शकतं. नावात फरक असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्राची प्रत.

आणि एक पत्र. विद्यापीठाच्या अधिकृत ईमेलवर पाठवलेलं, साधं, तीन प्रश्नांचं: माझे कोणते विषय धरले जातील? मला एकूण किती क्रेडिट्स तुमच्याकडे करावे लागतील? प्रवेश कोणत्या सेमिस्टरला मिळेल? काउंटरवरचा माणूस 'होऊन जाईल, भरा फॉर्म' म्हणतो तेव्हा तो वाईट हेतूने बोलत नाही, पण सहा महिन्यांनी त्या खुर्चीवर दुसरा कोणी असतो. लेखी उत्तर आल्याशिवाय फी भरू नका.

बहिणीने असं पत्र तिच्या जुन्या विद्यापीठाला पाठवलं. उत्तर यायला सात आठवडे लागले. मधे तिने दोनदा आठवण केली. उत्तरात दोन्ही वर्षांचे पास झालेले सगळे विषय धरल्याचं लिहिलं होतं. शिवाय एसवायची एक केटी आणि टीवायची दोन सेमिस्टर्स असं उरलेलं काम विषयांच्या नावांसह होतं. ती केटी स्टॅटिस्टिक्सची आहे. तिने त्याचं पुस्तक आणलं आहे आणि काउंटरच्या खणात, पावतीपुस्तकांखाली ठेवलं आहे. दुपारी दोन ते तीन गर्दी कमी असते.